नसलेला डबरा

रस्त्याच्या कडेला पिकअप गाडी उभी दिसली की माझे पाय थांबतात. केबिन आणि मागचा हौदा यांच्यामध्ये चार बोटांची फट असते. तिच्यातून खाली पाहिले की गाडीची चासी दिसते. मी वाकतो, उजव्या तुळईच्या वरच्या पट्टीवर नजर फिरवतो, अंधार असेल तर बोट घालून चाचपतो. गाडीवाला टपरीवर चहा पीत असला तर तिथूनच ओरडतो, "ओ काका, का हरवलं?" मी "काही नाही" म्हणतो आणि पुढे निघतो. पन्नाशी ओलांडलेल्या, इस्त्रीच्या सदऱ्यातल्या माणसाला सहसा कोणी चोर समजत नाही, तेवढाच माझा बचाव.

मी तीन ठिपके शोधत असतो. ज्वारीच्या दाण्याएवढे, वेल्डिंगच्या रॉडने टेकवलेले, एका ओळीत तीन. ते ठिपके माझे आहेत.

कामठी रस्त्याला एका गल्लीत माझे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. मालवाहू गाड्यांचे हौदे बांधणे, लांबवणे, त्यांच्या मागे ट्रॉली ओढण्यासाठी हूक बसवणे, हे माझे काम. कागदोपत्री जिला चॅसिस म्हणतात ती आमच्या गल्लीत चासी होते. दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, जमिनीवर शिडी आडवी ठेवावी तसा सांगाडा. इंजिन, केबिन, हौदा, माल, माणसे, सारे त्या शिडीवर बसलेले असते. गाडी कितीही रंगवा, तिचा कणा तोच.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे फोर-बाय-फोर गाड्या जास्त येऊ लागल्या. आमच्याकडची काळी माती ओली झाली की साध्या गाडीची मागची चाके जागच्या जागी फिरत राहतात. ज्यांना शेतात, नाल्याकाठी, खाणीकडे जावे लागते ते लोक चारही चाकांना जोर देणारी गाडी घेतात. आणि चारही चाके ओढतात म्हणजे पाठही तेवढीच घट्ट असणार, अशी त्यांची समजूत असते. मी या धंद्यात असूनही ती समजूत कधी दूर केली नाही. मलाही ती सोयीची होती.

अशाच एका गाडीचा मालक उमरेडकडचा, विहिरी खोदणारा आणि जुन्या विहिरींतला गाळ काढणारा ठेकेदार. विहिरीच्या काठावर उभे करून खालची दगडमाती वर ओढणारे जे लोखंडी यंत्र असते, ज्याला सारे यारी म्हणतात, ते त्याला हौद्यात ठेवायचे होते. शिवाय खडक फोडण्यासाठी लागणारा कंप्रेसर मागे ओढायचा होता.

"मिस्त्री, गाडी दोन फूट वाढवून द्या," तो म्हणाला. "यारी आत बसली पाहिजे, न् कंप्रेसर मागं लागला पाहिजे."

"मागं वजन लई होईल," मी म्हणालो.

"होऊ द्या ना. फोर-बाय-फोर हाये. हत्ती बांधला तरी ओढते."

"ओढते ते ठीक आहे. पण पाठीवर झेपते का, तेही पाहा लागते."

"म्हणून तं तुमच्याकडे आलो. मजबूत करून द्या, बस."

मी इशारा दिला होता, असे नंतर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितले. ते खरे नाही. इशारा देणारा माणूस काम नाकारतो. मी फक्त एक वाक्य उच्चारले आणि माप घ्यायला टेप काढला.

या कामात काय घडते ते समजायला अवघड नाही. खांद्यावर काठी ठेवावी, पुढचे टोक हाताने दाबून धरावे आणि मागच्या टोकाला भरलेली घागर अडकवावी. काठी मोडली तर टोकाला मोडत नाही, खांद्याजवळ मोडते, आणि आधी वरच्या बाजूने उकलते. गाडीचा मागचा आस हा तो खांदा, आणि त्याच्या जरा पुढचा, केबिनमागच्या फटीखालचा भाग ही उकलण्याची जागा. मागे वाढवलेले दोन फूट, त्यावरची यारी आणि हुकाला लटकलेला कंप्रेसर, ही घागर. एवढे वजन पडल्यावर गाडीचे बूड खाली बसले, तेव्हा मी मागच्या आसावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जाड पाटा वाढवला. गाडी पुन्हा ताठ उभी राहिली. मालक तिच्याभोवती एक चक्कर मारून खूश झाला. बूड टेकवून गाडी तक्रार करत होती. मी तक्रार मिटवली नाही, फक्त तिचे तोंड बांधले.

मग काम संपल्यावर, नेहमीप्रमाणे, मी तीन ठिपके मारले.

या ठिपक्यांची गोष्ट माझ्या वडिलांपासून सुरू होते. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला होते. लहानपणी आईचे बोट धरून ते नागपूरला दीक्षेच्या सोहळ्याला आले होते, आणि त्या दिवसाविषयी बोलताना म्हातारपणीही त्यांची पाठ सरळ होत असे. मी दुकान टाकले तेव्हा पहिला हौदा पाहायला ते मुद्दाम आले. सगळीकडून हात फिरवून म्हणाले, "चांगला आहे. पण तुहा आहे हे कोणाले कसं समजल? काम करणाऱ्या माणसानं नाव लपवू नये." आमच्या लोकांची नावे पिढ्यान्पिढ्या कोणत्याच कामावर लिहिली गेली नव्हती, हे त्यांनी बोलून दाखवले नाही, मला ऐकू आले. मी तिथल्या तिथे रॉड घेतला आणि तीन ठिपके टेकवले. बुद्ध, धम्म, संघ. वडील हसले.

सुरुवातीला ती श्रद्धा होती. पुढे लोक "तीन ठिपकेवाल्याची गाडी" असे म्हणू लागले आणि श्रद्धेत जाहिरात कधी मिसळली ते मला कळले नाही. कळले नाही असे म्हणणेही पुरते खरे नसावे. पूर्वी मी ठिपके कुठेतरी आत मारत असे. नंतर ते फटीतून सहज दिसावेत म्हणून चासीच्या वरच्या पट्टीवर, अगदी कडेला मारू लागलो.

पट्टीच्या कडेला वेल्डिंगचा टाका मारायचा नाही, हे आयटीआयमध्ये आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले होते. तिथे ताण सर्वांत जास्त असतो. एवढासा ठिपकाही लोखंडाला तेवढ्या जागी कडक आणि ठिसूळ करतो, आणि चीर नेमकी अशीच जागा हुडकते. हा नियम मी कामात कटाक्षाने पाळला. सगळे टाके तुळईच्या उभ्या अंगावर घेतले, जोडपट्ट्यांची टोके तिरपी कापली. नियम मोडला तो फक्त सही करताना.

ती चासी दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात तुटली. सकाळी अकराचा सुमार, उमरेडच्या अलीकडचा आतला रस्ता, गाडीत यारी, मागे कंप्रेसर. उजवी तुळई केबिनच्या मागे तुटली, हौदा मागे कलला, हूक रस्त्याला घासत गेला आणि कंप्रेसरने मागून ढुशी दिली. चालकाने गाडी कशीबशी बाभळींकडे वळवून थांबवली. त्याला काही लागले नाही. शेजारी बसलेल्या मालकाच्या खांद्याचे हाड मोडले.

हा चालक चाळिशीतला, मालकाकडे तेरा वर्षांपासूनचा. तो इतकी सांभाळून गाडी चालवी की लोक त्याची थट्टा करीत. एकदा माझ्या दुकानासमोरच मालक त्याला म्हणाला होता, "अबे, गाडीत यारी हाये, बाळंतीण नाही." त्यावर तो म्हणाला, "मालक, बाळंतीण तरी दुखलं तं सांगते. हे बिचारी सांगत नाही." तेव्हा आम्ही सारे हसलो होतो.

गाडी उचलून आणायला क्रेनबरोबर मी स्वतः गेलो. का कोण जाणे, त्या रस्त्यावर मी शंभर-दीडशे पावले मागेपर्यंत चालत गेलो. डांबर नवे होते. परडीतले अंडे ठेवले असते तरी घरंगळले नसते, इतका रस्ता सपाट; खड्डा, आमच्या बोलीत डबरा, एकही नाही. हे मी पाहिले आणि हे माझ्या लक्षात राहिले, एवढे नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी तुटलेल्या तोंडावर टॉर्च धरला. तुटलेले लोखंड वाचता येते. आताच तुटलेला भाग करडा आणि चकचकीत असतो, जुनी चीर तपकिरी पडलेली असते. इथे वरच्या कडेपासून निघालेला तपकिरी गंजाचा अर्धचंद्र होता, त्यात शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा रेघांमागून रेघा. म्हणजे चीर कित्येक महिने थोडी थोडी वाढत होती. अर्धचंद्राच्या मध्यावर, जिथून सगळ्या रेघा पसरल्या होत्या तिथे, माझा मधला ठिपका होता. बरोबर अर्धा तुटलेला.

डावी तुळई वाकली होती, पण तुटली नव्हती. ठिपके मी फक्त उजव्या बाजूला मारतो.

मालक आला, हात गळ्यात बांधलेला. चालक बाहेरच्या बाकावर बसून होता. मालक त्याच्याकडे न पाहता समोर चहाला गेला. मी ग्राइंडर लावला. तुटलेली कड पुन्हा जोडायची तर ती आधी घासून तिरपी करावीच लागते, ही कामाची रीतच आहे. पण रीत असती तर मी आधी मालकाला बोलावून ते तोंड दाखवले असते. मी घाई केली. चहाचा एक पेला संपायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गंज, रेघा आणि अर्धा ठिपका, सारे ठिणग्या होऊन उडून गेले. उरलेले दोन ठिपकेही घासले. त्या दोघांची कामाला काहीच अडचण नव्हती.

मालक परत आला. "सांगा मिस्त्री, कशानं झालं? गाडीचं चुकलं, का चालवणाऱ्याचं?"

मी खाली पाहत म्हणालो, "झटका बसला असल एखादा."

मी जन्मापासून हळू बोलतो. शाळेत मास्तरांना माझे उत्तर दोनदा विचारावे लागे. या आवाजाचा एक फायदा मला फार लवकर कळला होता. हळू बोलणारा माणूस विचार करून बोलतो आणि म्हणून खरे बोलतो, असे लोकांना वाटते. त्या दिवशी मी खोटे बोललो नाही. 'असल' म्हणालो, 'एखादा' म्हणालो. पण ते वाक्य कुठे जाऊन पडणार हे मला ठाऊक होते.

"ऐकलं का बे?" मालक बाकाकडे वळला. "झटका."

चालक उठून उभा राहिला. "मालक, तिथं डबरा नव्हता ना."

"मंग झटका का आभाळातून पडला?"

"मी तं चाळीसच्या खाली होतो..."

"तेरा वर्षं झाले, तुह्या हातात जीव देऊन बसून राहिलो मी. जा आता. चाबी ठेव न् जा."

चालकाने माझ्याकडे पाहिले. मिस्त्री आहे, हळू बोलणारा आहे, दुकानात भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे, हा काहीतरी सांगेल, अशा नजरेने. मी फडक्याने ग्राइंडर पुसत होतो. पुसण्यासारखे त्याच्यावर काही नव्हते.

गाडी दुरुस्त झाली. मालकाने फटीतून बोट घातले आणि विचारले, "ठिपके नाही मारले?" मी म्हणालो, "राहिले." तो म्हणाला, "राहू द्या, पुढच्या वेळी," आणि पुन्हा तीच यारी, तोच कंप्रेसर घेऊन गेला.

त्यानंतर मला कुठे बसवेना. दुकानात बसलो की रस्त्यावर यावेसे वाटे, रस्त्यावर आलो की फटी दिसत. वाढवलेल्या गाड्यांच्या मालकांना मी निमित्ते काढून बोलावू लागलो, ग्रीस बघायचे आहे, पाटे बघायचे आहेत, आणि ठिपके हळूच घासून टाकू लागलो. खरे कारण कोणालाच सांगितले नाही. माझी काळजी खरी होती, आणि तीही मी चोरून करत होतो.

दिवाळी होऊन गेली. पत्नीच्या चष्म्याची काच बदलायची होती म्हणून आम्ही धरमपेठेत गेलो. दुकानांच्या एका इमारतीखाली आमची गाडी मागे घेताना चौकीदार हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या, बस" म्हणत होता. आरशात मला आधी शिट्टी दिसली, मग चेहरा. तो चालक होता.

"भाऊ, तुम्ही!" तो आनंदाने म्हणाला. त्याच्या आनंदाने मला जास्त लागले.

पत्नीने त्याला ओळखले. "तुम्ही त्या विहिरवाल्याच्या गाडीवर होते ना? मंग इथे काहून?"

"आता गाडी नाही चालवत ताई. हातावर भरोसा नाही राह्यला."

"एका वेळी झालं म्हणून का झालं?"

"एका वेळीच होते ना ताई. पहिले मले वाटे, डबरा नव्हताच. मंग इचार करू करू आठवलं. होता. बारक्या पुलाच्या अलीकडे. परातीएवढा असल. पाणी साचलं होतं, म्हणून दिसला नाही." त्याने हातांनी परातीचा आकार दाखवला. "मी डोळे मिटले का तोच दिसते."

वैशाखात, अकराच्या उन्हात, नव्या डांबरावर, पाणी साचलेला डबरा.

मी गाडीची चावी खिशात टाकली. पत्नीने त्याला घरची विचारपूस केली. त्याने सांगितले की बायको उमरेडलाच आहे, मुलगी इथे कॉलेजात शिकते, तो तिच्याजवळ खोली करून राहतो, आणि मुलीची स्कूटरही तो चालवत नाही, मागे बसतो. "पोरगी हसते मले," तो म्हणाला आणि स्वतःही हसला.

पुढच्या रविवारी सकाळी विहारात वंदना होती. पंचशील मी लहानपणापासून म्हणत आलो आहे. चौथे शील खोटे न बोलण्याचे. तिथे आल्यावर माझे ओठ मिटले. सगळे पुढे गेले. माझा आवाज मुळात इतका हळू की तो थांबल्याचे शेजारच्यालाही कळले नाही. पाचवे मी पुन्हा सगळ्यांबरोबर म्हटले, आणि या सफाईची मला किळस आली.

घरी मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो. पत्नी तूर निवडत बसली होती. "काहून असे फिरून राहिले सकाळपासून? बसा ना एका जागी."

मी बसलो आणि तिला सांगितले. ठिपके, चीर, ग्राइंडर, झटका, सगळे. ती सूप बाजूला ठेवून ऐकत होती. मला वाटते, मला थोडे सांत्वन हवे होते. इतक्या वर्षांत एकच चूक, असे काहीतरी.

ती म्हणाली, "माह्यापाशी काहून सांगून राहिले? मी का त्याची मालक आहो?" आणि सूप पुन्हा ओढून घेत, "बाबांनी तुम्हाले नाव लपवू नको म्हटलं होतं. तुम्ही ते चांगल्या कामापुरतंच ऐकलं."

दुसऱ्या दिवशी मी धरमपेठेत गेलो. चालक प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मला पाहून उठला, खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी उभ्यानेच सांगितले. त्याला आधी समजेना, कारण मी लोखंडाबद्दल बोलत होतो आणि तो डबऱ्याबद्दल ऐकत होता.

"म्हणजे डबरा नव्हता?"

"नव्हता. मी त्या रस्त्यानं चालत गेलो होतो. सपाट रस्ता होता."

"मंग मले दिसते तो?"

एक गाडी आली, त्याने शिट्टी वाजवून ती मागे घेतली, काळजीपूर्वक, टायर भिंतीला लागू न देता. मग तो माझ्याजवळ आला.

"भाऊ, सात महिने झाले. सात महिने मी पोरीच्या मागं बसून राहिलो. तुम्हाले ठाऊक होतं."

"हो."

"त्या दिवशी, चष्म्याच्या दिवशी, तुम्ही इथंच उभे होते. मी डबरा सांगून राहिलो, न् तुम्ही ऐकून राहिले."

"हो."

त्याने मला शिवी दिली असती तर बरे झाले असते. तो म्हणाला, "मले सांगून का फायदा? जिथं बोलले तिथं जाऊन बोला. आवाजात बोला जरा."

त्याने एक दिवसाची सुटी काढली आणि आम्ही एसटीने उमरेडला निघालो. एका बाकावर बसलो. वाटेत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. समोरून ट्रक आला, वळण आले, गुरे आडवी आली, की त्याचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर दाबला जाई. तिथे ब्रेक नव्हता. हात सोडून गेलेली विद्या पायात शिल्लक होती.

उमरेडच्या पुढे एका शेतात मालकाचे काम चालू होते. तुरी वाळून काढणीला आल्या होत्या. विहिरीच्या काठावर यारी उभी, खाली माणसे खडकाला छिद्रे पाडत होती, आणि वर कंप्रेसर असा आवाज करत होता की पायाखालची माती थरथरत होती. मालक काठावर उभा राहून खाली हातवारे करत होता. आम्हा दोघांना एकत्र येताना पाहून त्याच्या भुवया वर गेल्या.

मी जवळ गेलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी तुम्हाला खरं सांगितलं नाही."

"का?" त्याने कानाला हात लावला.

"चासी झटक्यानं नाही तुटली!"

"चासी का? तुटली? कुठची?"

"तुटली होती ती! माझ्या ठिपक्यानं तुटली!"

"आवाज वाढवा ना मिस्त्री! ऐकू नाही येऊन राहिलं!"

मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. मुलांवर नाही, कामगारांवर नाही. मी छातीत हवा भरली आणि ओरडलो. माझे वाक्य अर्ध्यावर असताना मालकाने कंटाळून यंत्रवाल्याला हात केला आणि कंप्रेसर बंद झाला. सगळ्या शेतात, सगळ्या विहिरीत, माझा एकट्याचा फाटका आवाज घुमला, "...ठाऊक होतं, माझी चूक होती, याची नव्हती! मी घासून टाकली!"

विहिरीतून कोणीतरी विचारले, "कोण हाये गा वर? का घासलं?"

कोणी हसले नाही. मालक माझ्याकडे पाहत राहिला. मग मी नेहमीच्या आवाजात पहिल्यापासून सगळे सांगितले. विहिरीतली माणसेही शिडीने वर येऊन ऐकू लागली. मी फक्त ठिपक्यांवर थांबलो नाही. दोन फूट वाढवणे चूक, वरून यारी आणि मागून कंप्रेसर एकाच वेळी नेणे चूक, पाटा वाढवून ते झाकणे चूक. ठिपके नसते तरी चासी कधीतरी वाकली असती. ठिपक्यांमुळे ती आधी तुटली. आणि आता जोडलेली आहे ती पुन्हा तुटेल.

मालक आपला मोडून जुळलेला खांदा चोळत होता. "आता सांगून राहिले?"

"तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"तुमी हळू बोलणारे माणूस, मिस्त्री. म्हणून मले वाटलं, खरं बोलता." तो चालकाकडे वळला. म्हणाला, "अन् तू बे? तुले ठाऊक होतं डबरा नव्हता, तं भांडला काहून नाही माह्याशी?"

"भांडलो असतो," चालक म्हणाला. "पण मिस्त्री बोलले ना. मंग मलेच डबरा दिसाले लागला."

मालक जमिनीवर थुंकला. "उपाय सांगा," तो मला म्हणाला.

मी सांगितले. मागचे दोन फूट कापायचे, गाडी कंपनीतून आली होती तेवढी करायची, वाढवलेला पाटा काढायचा. यारी एका फेरीत, कंप्रेसर दुसऱ्या फेरीत. आज गाडी रिकामी माझ्या दुकानात न्यायची.

"दोन फेऱ्या," मालक म्हणाला. "म्हणजे फोर-बाय-फोर घेऊन मी बैलबंडीच हाकली." मग चालकाकडे न पाहता, "चाबी गाडीलेच हाये. नेतो का?"

चालक लगेच बसला नाही. तो केबिन आणि हौद्याच्या मधल्या फटीशी गेला, बाही वर सारली, हात आत घातला आणि तुळईची वरची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपली. मग मला म्हणाला, "तुम्हीही पाहा." मी पाहिले. "काही हाये का?" "नाही." "मोठ्यानं सांगा." "काही नाही," मी मोठ्याने म्हणालो. तो दार उघडून बसला.

शेताच्या बांधावरून, आमच्याकडच्या धुऱ्यावरून, त्याने गाडी पहिल्या गिअरमध्येच बाहेर काढली. डांबरी रस्त्याला लागल्यावर दुसरा टाकला. मी शेजारी बसलो होतो, ज्या जागी मालकाचे हाड मोडले त्या जागी. बारक्या पुलाच्या अलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन चालू ठेवूनच उतरला, आणि रस्त्यावर थोडे मागे चालत गेला. खाली पाहत उभा राहिला. पायाने डांबर एकदा घासले. परत आला, गिअर टाकला.

पुढे फाट्याजवळ, जिथे ट्रकांनी रस्ता पार उखडला आहे, तिथे त्याने खूप आधीपासून वेग कमी केला. गाडी चालत्या माणसाच्या चालीवर आणली आणि डावे चाक अलगद एका खड्ड्यात उतरवले, अलगद बाहेर काढले.

"भाऊ," तो म्हणाला, "पाहून घ्या. याले डबरा म्हणतात."

मी खिडकीतून मान बाहेर काढली आणि पाहून घेतला.